मुंबईच्या पावसात कॉम्फ्री तगते का? मुळाचे तुकडे घेऊ की नको?

मुलुंडची मीनाक्षी, १४ मे

नमस्कार मंडळी. आमचं घर मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये बत्तीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद पट्टी आहे. चार वर्षांपूर्वी मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा तिथे फुटक्या लाद्या, जुना कमोड आणि घुशींची बिळं होती. सोसायटीच्या सभेत रीतसर विचारून जागा साफ केली. खणायला घेतलं तर वीतभर खाली नुसतं डेब्रिज: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक अख्खी लोखंडी सळई. खाली जाता येत नाही म्हणून वर यायचं ठरवलं. सोसायटीतला बदामाचा पालापाचोळा, सतरा घरांचा भाजीचा कचरा, कोपऱ्यावरच्या रसवंतीची चिपाडं, थोडं शेण, असे थरावर थर देत आज फूटभर काळी माती तयार झाली आहे. हात घातला की गांडूळ लागतं. मला या मातीचा फार लळा आहे.

आज तिथे दोन केळी, एक शेवगा, पपई, कढीलिंब, हळद आहे. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू आहे, आणि रंगाच्या बादल्यांमध्ये वांगी नि टोमॅटो. ऊन सकाळी साडेआठ ते एक. नंतर इमारतीची सावली.

आता प्रश्न. पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या चालीने बाग फुलवायच्या पद्धतीचं, जे काही पाहते-वाचते त्यात कॉम्फ्री नावाच्या झाडाचं कौतुक असतंच. मुळं खोल जाऊन खनिजं वर आणतात, पानं कापून झाडाखाली घातली की खत, पानांचं पाणी टोमॅटोला अमृत, वर्षातून चार-पाच वेळा कापा तरी पुन्हा येते. मलाही ती हवीशी वाटली. जानेवारीत ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘बॉकिंग १४’ लिहिलेलं दहा बियांचं पाकीट मागवलं. नारळाच्या भुशात पेरलं, पाच आठवडे जपलं, एकही बी उगवलं नाही. आता दुसरा एक जण मुळाचे तुकडे देतो म्हणतो, एका तुकड्याला साडेचारशे रुपये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या माणसाने घ्यावेत का? कुणी मुंबईत लावली आहे का, आणि पावसाळ्यात तिचं काय होतं?

आणखी एक. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी ऐकलं की हे झाड म्हणजे हाडजोड, याच्या पानांचा चहा पितात. ‘झाड आलं की मला रोज दोन पानं उकळून दे,’ म्हणून मागे लागल्या आहेत. देऊ का?


दहिसरची परसबाग, १४ मे, रात्री

मीनाक्षीताई, आधी बियांचं सांगतो. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. बॉकिंग १४ या वाणाला रुजणारं बी धरतच नाही. तिची वाढ फक्त मुळाच्या तुकड्यांतून किंवा गड्डा फोडून होते. म्हणून ‘बॉकिंग १४ च्या बिया’ असं लिहिलेलं पाकीट कुणीही विकत असेल तरी आत दुसरं काहीतरी असणार. साधी कॉम्फ्री बियांपासून येते, पण ती बागभर पसरते. बी न धरणारा वाण बागेत सोयीचा पडतो तो त्यामुळेच.

तुम्ही पोस्टातल्या आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री डबलडे नावाचे गृहस्थ होते. टपाल तिकिटांच्या मागे लावायला डिंक हवा होता, आणि कॉम्फ्रीच्या मुळाचा चिकट रस त्याला चालेल असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी रशियातून रोपं मागवली. डिंकाचं काही जमलं नाही, पण झाडाची वाढ बघून ते तिच्या प्रेमात पडले. पुढे १९५० च्या दशकात लॉरेन्स हिल्स यांनी एसेक्स परगण्यातल्या बॉकिंग गावी या रशियन कॉम्फ्रीचे वेगवेगळे प्रकार लावून त्यांना आकडे दिले. त्यातला चौदावा म्हणजे ही बॉकिंग १४. त्यांनी काढलेल्या संस्थेला नावही डबलडे यांचंच दिलं.

हे सांगण्याचं कारण पाऊस. एसेक्स हा इंग्लंडातला कोरडा भाग. तिथे वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याहून जास्त होतो. थंडीत तिथे हे झाड जमिनीवरचं अंग टाकून झोपी जातं आणि वसंतात उठतं. आपल्याकडे त्याला झोपायला थंडी नाही आणि जून ते सप्टेंबर पाय कोरडे राहत नाहीत.

मी पहिल्या वर्षी दोन तुकडे मे महिन्यात थेट जमिनीत लावले. जूनमध्ये हातभर पानं आली, मी खूश. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली, उपटून पाहिलं तर मुळं पाण्यात विसरलेल्या साबणासारखी बुळबुळीत. दोन्ही गेली. दुसऱ्या वर्षी निळा ड्रम अर्धा कापला, तळाला अंगठा जाईल एवढी बारा भोकं पाडली, चार विटांवर उचलून ठेवला. आत निम्मी माती, बाकी खत आणि विटांचा चुरा. तुकडा दसऱ्यानंतर लावला. पावसाळ्यात ड्रम ओढून पत्र्याखाली घेतला. ते झाड आज तिसऱ्या वर्षात आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पानं पार लोळतात, संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी, म्हणजे तुमच्या पट्टीसारखीच जागा.

पण मिळतं किती, तेही ऐका. वर्षातून चार कापण्या, प्रत्येक कापणीला एक पिशवीभर पानं. त्यात माझी सहा टोमॅटोची झाडं होतात. बाग त्यावर चालत नाही.

आणि खोल मुळांचं म्हणाल तर हा मुद्दा मला फार उशिरा उमगला. मुळं सहा-आठ फूट खाली जाऊन खनिजं आणणार, तर खाली माती तर हवी. तुमच्याकडे फूटभराखाली डेब्रिज, माझ्याकडे ड्रमचा तळ. ड्रममधलं झाड ड्रममध्ये आपण घातलेलंच पानांत भरून परत देतं, वेगळं काही आणत नाही. खोल जमिनीतही ही मुळं नेमकं किती वर आणतात याबद्दल जेवढं बोललं जातं त्या मानाने मोजून फारच कमी पाहिलं गेलं आहे. आपल्या शहरात मातीचं अन्न वाशीच्या मार्केटमधून ट्रकने येतं आणि सतरा घरांच्या कचऱ्याच्या डब्यातून तुमच्या पट्टीत उतरतं. ते काम तुम्ही चार वर्षं करताच आहात.

घ्यायचाच असेल तर एकच तुकडा घ्या, आणि आत्ता नाही. ऑक्टोबरमध्ये.


चेंबूरचे औषधवाले काका, १५ मे

मीनाक्षीताई, मी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा राहिलो. झाडांतलं मला फार कळत नाही, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाम देतो. सासूबाईंना कॉम्फ्रीचा चहा देऊ नका. दोन पानंही नकोत, एक दिवसही नको.

या झाडात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. ती पोटात गेली की यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतात. त्रास लगेच दिसत नाही, हळूहळू साठत जातो, म्हणून ‘मी महिनाभर प्यायलो, मला काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबता येत नाही. पानांपेक्षा मुळात ही द्रव्यं जास्त. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००१ साली कंपन्यांना सांगितलं की पोटात घ्यायच्या उत्पादनांतून कॉम्फ्री काढून टाका.

हे काही परदेशातलंच प्रकरण नाही. १९७० च्या दशकात सरगुजा भागात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, काही गावांतली माणसं पोट फुगून आजारी पडली, कित्येक दगावली. तिथल्या लोकांच्या खाण्यात गोंदली नावाचं बारीक धान्य होतं आणि त्यात खुळखुळ्याच्या जातीतल्या एका रानटी झाडाचं बी मिसळलं गेलं होतं. त्यातही याच गटातलं विष. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यानंतर खुळखुळ्याच्या झाडांवर टायगर फुलपाखरांची गर्दी दिसते, ती याच द्रव्यांसाठी येतात. त्यांना ती मानवतात, आपल्याला नाही.

हाडजोड हे नाव कुठून आलं तेही सांगतो, म्हणजे सासूबाईंना समजावता येईल. युरोपात पूर्वी मोडलेल्या हाडावर या झाडाचा लगदा बांधत, त्यावरून तसं नाव पडलं. आपल्याकडे हाडसांधी म्हणतात ती कांडवेल, चौकोनी कांड्यांची. ती वेगळी, घराणंही वेगळं. नावं सारखी वाटतात म्हणून गुण एक होत नाहीत. आणि कांडवेलही या वयात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

कापताना हातमोजे घाला, पानांवर बारीक टोचरी लव असते, खाज सुटते. भाजी म्हणून कुणाला देऊ नका. घरात लहान मूल येत-जात असेल तर ड्रमवर पाटी लावा.


भांडुपची सुलभा, १५ मे

ताई, मी मूळची सावंतवाडीकडची. लग्नानंतर भांडुपला आले, टेकडीच्या पायथ्याशी राहते. मला एवढंच विचारायचं आहे की तुम्हाला कॉम्फ्रीकडून काय हवं आहे? लवकर कुजणारा हिरवा पाला, तोही घरचा, पुन्हा पुन्हा कापता येणारा. बरोबर?

मग उंदीरमारी लावा की. त्यालाच गिरिपुष्प म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन गुलाबी फुलांनी भरतं ते. आमच्याकडे भाताच्या लावणीआधी त्याचा पाला चिखलात तुडवतात, आठवडाभरात विरघळून जातो. हे झाडही बाहेरून, मध्य अमेरिकेतून आलेलं, पण इथल्या पावसाला सरावलेलं. शेंगवर्गीय असल्याने हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतं. दहिसरच्या दादांनी म्हटलं ना, ड्रममधलं झाड वेगळं काही आणत नाही. हे आणतं. फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की जगते, रोप विकत घ्यायला नको. मात्र त्याचं बी आणि साल विषारी, नावातच आहे. कुत्र्या-मांजरांपासून जपा. आणि कंबरेच्या वर जाऊ देऊ नका, वर्षाला तीनदा छाटून कुंपणासारखंच ठेवा. एकदा मोठा वृक्ष झाला की मुंबईत फांदी तोडायलासुद्धा महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

सध्या मे चालू आहे, पावसाळ्यापूर्वीची छाटणी रस्त्यारस्त्यावर चालली आहे. आमच्या गल्लीत परवाच उंदीरमारीच्या फांद्यांचा ढीग पडला होता. पुढची छाटणी झाली की तुमच्यासाठी बाजूला काढते. मनगटाएवढ्या जाड बघून ठेवीन.

पालाशसाठी, म्हणजे पोटॅशसाठी, तुमच्याकडे केळी आहेतच. घड उतरला की खोड फेकू नका. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडाच्या रसापासून द्रवखत तयार केलं आहे, एवढं त्यात असतं. घरी एवढी यंत्रं नकोत. खोडाचे हातभर तुकडे उभे चिरून वांगी-टोमॅटोच्या बुडाशी पालथे घाला. ओलावा धरतात, खाली गांडुळं जमतात, तीन महिन्यांत माती होतात.

आणि पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला टाकळा आपोआप येतो. कोवळा असेल तोवर भाजी करा, मोठा झाला की फुलायच्या आत कापून आच्छादन. शेंगा धरू दिल्या तर पुढच्या वर्षी सगळीकडे टाकळाच.


मुलुंडची मीनाक्षी, १७ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. सरगुजाचं ऐकल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘त्या बाईला सांग, मला नको.’ काका, तुम्हाला बाई म्हणाल्या त्याबद्दल क्षमा. पुढच्या आठवड्यात त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे. हे मी वर्षभरापूर्वीच करायला हवं होतं.

तिकिटांच्या डिंकाची गोष्ट वाचून मला दिवसभर बरं वाटत होतं. एकतीस वर्षांत किती तिकिटं हाताखालून गेली, डिंकाचा विचार कधी केला नव्हता.

दादा, एक शंका. पानांचं पाणी करतात त्याला फार वास येतो म्हणे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दम्याचा त्रास आहे. शिवाय महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात साठलेलं पाणी तपासायला येतात. बादलीभर पाणी उघडं ठेवायची माझी तयारी नाही.


दहिसरची परसबाग, १७ मे

बरोबर आहे तुमचं. पाण्यात पानं कुजवली की मेलेल्या जनावरासारखा वास येतो, मजला काय, गल्लीला कळतो. डासांचा धोका वेगळाच. मी पाणी घालतच नाही. पाच लिटरची रंगाची बादली, तळाला खिळ्याने एक भोक, खाली दह्याचा डबा. बादलीत पानं चुरून दाबून भरायची, वर वीट, वर घट्ट झाकण. तीन-चार आठवड्यांत काळा, काकवीसारखा रस डब्यात उतरतो. एक वाटी रसाला पंधरा वाट्या पाणी, फुलं-फळं धरणाऱ्या झाडांना पंधरा दिवसांनी. झाकण उघडताना वास येतोच, पण तेवढ्यापुरता. राहिलेला चोथा कंपोस्टमध्ये. हीच बादली टाकळ्यालाही चालते, मी करून पाहिलं आहे.


मुलुंडची मीनाक्षी, २६ ऑक्टोबर

पाच महिन्यांनी येते आहे, कारण सांगण्यासारखं आत्ता झालं.

सुलभाने शब्द पाळला. मे संपता संपता ती आणि तिचा मुलगा रिक्षातून सहा फांद्या घेऊन आले. पहिल्या पावसानंतर मी त्या भिंतीच्या कडेने दोन-दोन फुटांवर रोवल्या. सहापैकी चार जगल्या. दोन वाळल्या, त्या मी बहुतेक उलट्या रोवल्या होत्या, डोळे खाली. गणपतीच्या आधी पहिली छाट घेतली, दोन घमेली पाला निघाला. निम्मा पपईला, निम्मा हळदीला. दहा दिवसांत देठच उरले, बाकी सगळं मातीत.

श्रावणात केळीचा घड उतरला, एकशे बारा केळी. सगळ्या सतरा घरी वाटली, कारण कचरा त्यांचा होता. खोड सुलभाने सांगितलं तसं चिरून वांग्यांच्या बुडाशी घातलं. परवा एक तुकडा उचलून पाहिला, खाली इतकी गांडुळं होती की मी तो तसाच परत ठेवला. वांग्यांना या वेळी विकतचं काहीही घातलेलं नाही.

टाकळ्याची बादलीही केली. वरच्या वहिनींना आधी विचारलं, झाकण उघडायचा दिवस त्यांना सांगून ठेवते, त्या खिडकी लावून घेतात. तक्रार नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांना व्यायाम आणि औषध चालू आहे. संध्याकाळी काठी घेऊन पट्टीत येतात, खुर्चीवर बसून पाचोळा चुरून देतात. तो त्यांचा भाग झाला आहे.

आणि हो, एक तुकडा घेतला. फक्त एक. बोटाएवढा होता. अर्धा ड्रम, बारा भोकं, चार विटा, विटांचा चुरा तर माझ्याकडे जमिनीतच निघतो. दसऱ्यानंतर चार दिवसांनी दोन इंच खोल आडवा लावला. आज सकाळी मातीतून कोंब वर आलेला दिसला, लव असलेली दोन पानं, अजून घडी न उलगडलेली. काकांनी सांगितल्याप्रमाणे ‘खायचे नाही’ अशी पाटी लावली आहे, अक्षर सासूबाईंचं.

दादा, पहिली कापणी कधी घेऊ?


दहिसरची परसबाग, २६ ऑक्टोबर

होळीपर्यंत हात लावू नका. मुळं भरू द्या. मधेच फुलांचा दांडा आला तर तेवढाच काढा.